पाठदोर

गेल्या मार्गशीर्षात, पावसाचं काहीएक काम नसताना, गोराई खाडीवर पाऊस पडला. शेवंतीच्या चार ओळी तेव्हा बोंबलांनी भरलेल्या होत्या, दीड दिवस सुकलेल्या. दीड दिवसाचा बोंबील ना ओला ना सुका. तो बाजारातही चालत नाही आणि कालवणातही. पाऊस थांबला तेव्हा त्याच्यावर बुळबुळीत पांढरा थर आला होता. शेवंतीनं पाट्या भरभरून तो माल तिवरांच्या चिखलात नेऊन ओतला आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. शेवंती तीन दिवस गप्प राहिली म्हणजे काय झालं असेल, हे कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा थांबत नाही, असं तिचा मुलगा चंदर शपथेवर सांगतो.

चौथ्या दिवशी ती बोलली ती एकच गोष्ट. "खल्यावर छप्पर पायजे."

खळं म्हणजे कोळीवाड्यामागचं सुकवणीचं मैदान. तिथं बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांना वलांड्या म्हणतात. एकतीस बायकांचा माल त्या वलांड्यांवर सुकतो. छप्पर उजेड आत सोडणाऱ्या पत्र्याचं, बाजू वाऱ्याला मोकळ्या आणि पाऊस आला तर ओढायला पडदे, असं सगळं शेवंतीच्या डोक्यात तयार होतं. फक्त ते बांधणार कोण, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न सोडवला सुनेनं. रुचिरा कांदिवलीची. तिचे वडील परभणीकडून नोकरीसाठी मुंबईत आलेले. कॉलेजात चंदरची आणि तिची गाठ पडली आणि दोन्ही घरांनी वर्षभर रुसून शेवटी बुद्धवंदना आणि हळद दोन्ही करून लग्न लावून दिलं. आठ वर्षं झाली त्याला. पहिल्या वर्षी तिला बोंबलाचे दात लागून बोटं सुजायची; आता ती बोलता बोलता दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. तिनंच बायकांची संस्था काढली, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली आणि एका मोठ्या कंपनीच्या दानखात्याचं दार ठोठावलं. कंपनी छप्पर बांधून द्यायला तयार झाली. अट एकच. संस्था गोरगरिबांच्या भल्याची आहे, तिला आयकरातून सूट आहे, असं सरकारी प्रमाणपत्र एकतीस डिसेंबरच्या आत दाखवायचं. नाहीतर ते छप्पर दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाणार.

"आमी कर कदी भरला गो, का आता सूट मागायची?" शेवंतीनं विचारलं होतं.

"आई, न भरणाऱ्यालाच सूट आहे हे लिहून घ्यावं लागतं."

"मंग ते लिवायला इतका येल कशाला लागतो?"

बोरिवलीच्या सीए पूर्वीताईंच्या मदतीनं रुचिरानं बारा पानांचा अर्ज भरला होता. तेव्हापासून रोज सकाळी पाटी डोक्यावर घेण्याआधी ती फोन बघायची.

*

डिसेंबर लागला. चंदरची होडी पहाटेच्या भरतीला काठावर लागली की आठ वाजेपर्यंत खळ्यावर पाट्या पोचायच्या. उत्तरेचा वारा सुटला होता. बायकांचे हात कोपरापर्यंत चंदेरी झालेले असायचे आणि पाठी वाकून वाकून लाकडासारख्या व्हायच्या.

खळ्याच्या टोकाला, तिवरांच्या बाजूला, एक दोरी कुणाच्याच नावावर नाही. प्रत्येक बाई आपल्या पाटीतली पहिली जोडी त्या दोरीवर टाकते, तीही मोठ्यातली मोठी. मग आपल्या ओळीकडे जाते. या दोरीला पाठदोर म्हणतात. रुचिरानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूला विचारलं होतं, ही कुणाची? शेवंतीनं तोंड फिरवलं होतं. शेवंतीनं उत्तर न देणं हीच इतकी मोठी गोष्ट होती की रुचिरानं समजून घेतलं, देवीची असणार. आठ वर्षं ती भक्तिभावानं देवीला बोंबील वाहत होती.

त्या दिवशी ती पहिली जोडी टाकून वळली, तेवढ्यात मागून आवाज आला. कट. थोड्या वेळानं पुन्हा कट.

"आयली बगा पाटलीन," शेवंती मान वर न करता म्हणाली, "सुपाऱ्या फोरत."

आलेली बाई द्रौपदी. तिचा नवरा जमातीचा पाटील होता. तो गेला, पण पाटलीणपण तिच्याकडे राहिलं. संस्थेची अध्यक्षही तीच. उजवा गुडघा पावलागणिक वाजायचा, आणि तो ऐकून शेवंतीला रोज नवीन काहीतरी सुचायचं. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी सुना म्हणून आलेल्या, आणि तेव्हापासून एकमेकींना टाकून बोलल्याशिवाय दोघींनाही अन्न पचत नाही.

"फोर तू सुपाऱ्या," द्रौपदी म्हणाली. "तोंडात एक दात ऱ्हायला नाय आन सुपारीची आठवन काडतंय."

"पाटी कुटं तुजी?"

"निमेसची होडी अजून काठावर वरतीच हाय. इंजनाचं काम चाललंय." निमेश तिचा मुलगा. "गनपतीपासून कारागीर येतंय येतंय करतंय. मी आयली ती जरा देखरेक करायला."

"देखरेक बसून कर, उबी ऱ्हायलीस तर गावाला झोप लागायची नाय."

रुचिरा हसत होती. तेवढ्यात कमरेचा फोन थरथरला. बोटं पदराला पुसून तिनं बघितलं आणि तिचं हसू मावळलं. पूर्वीताईंचा निरोप होता. आयकर कार्यालयाला अर्जाबद्दल शंका आहे. संस्था गोरगरिबांसाठी आहे, की सभासद बायकांच्याच धंद्यासाठी? एकाच जातीपुरती आहे का? मंगळवारी निरीक्षक स्वतः खळ्यावर येऊन बघणार.

*

रविवारी दुपारी बायका समाजमंदिरात जमल्या. रुचिरानं सगळं वाचून दाखवलं.

"जातीपुरती कशी?" द्रौपदी म्हणाली. "आमची सेक्रेटरीच कोलीन नाय. तिला उबी कर म्होरं."

सगळ्या हसल्या. रुचिराही हसली, पण मनात तिनं मुद्दा लिहून घेतला.

मग प्रश्न निघाला निरीक्षक बाईंच्या स्वागताचा. इथं जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या वस्तीत झाली नसती. पाहुणी यायची म्हणजे कोळणीनं कसं दिसायला पाहिजे, यावर खळ्यावर दोन मतं नसतात.

"सगल्यांनी ठेवनीतली पातलं नेसायची," द्रौपदीनं फर्मान काढलं. "सोनं घालायचं. जे हाय ते सगलं. डोक्यात वेनी. पापलेट मी बगतंय."

"मावशी," रुचिरा चाचरत म्हणाली, "आपण गरिबांची संस्था म्हणून अर्ज केलाय ना. सोनं कशाला?"

"म्हंजे? सरकारची बाय येतेय आन आमी भिकारनीसारक्या बसायचं?"

"तसं नाही, पण..."

"तुजं कांदिवलीला कसं असंल मना ठाव नाय. हितं पावनी आयली तर घरचं उनं दाकवत नाय कोन."

या वेळी शेवंतीसुद्धा द्रौपदीच्या बाजूनं होती. दोघींचं एखाद्या गोष्टीवर पटलं की ती गोष्ट कोळीवाड्यात कायदाच होते. घरी येऊन रुचिरानं चंदरला सांगितलं, "वाट लागणार आपली."

"मग आईला सांग ना."

"तू सांग."

चंदर वलांडीचे मोडके बांबू बदलायचे म्हणून कोयता घेऊन उठला. खोल पाण्यात जाळं टाकणारा माणूस तो, पण आई आणि द्रौपदीमावशी एका बाजूला असताना मध्ये पडण्याइतका वेडा नव्हता.

*

मंगळवारी अकराच्या लाँचनं निरीक्षक बाई आल्या. माधुरी मॅडम. पंचेचाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात चिखलाचे बूट, जे त्यांनी घरूनच घालून आणले होते. रुचिराला ते बूट बघून बरं वाटलं.

खळ्यावर आल्यावर मात्र मॅडम थांबल्याच. एकतीस बायका रांगेत उभ्या. हिरवी, लाल, जांभळी पातळं. गळ्यात ठुश्या आणि पोहेहार, हातात पाटल्या, केसांत अबोलीच्या वेण्या. वर डिसेंबरचं ऊन. बघणाऱ्याला डोळ्यांवर हात घ्यावा लागत होता. सगळ्यांच्या मध्ये खुर्चीवर द्रौपदी, आणि तिच्या अंगावर सगळ्यांत जास्त.

"लग्न आहे का कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"तुमी आयल्या ना," शेवंती कौतुकानं म्हणाली.

शेजारी टेबलावर तळलेलं पापलेट, कोळंबीचं सुकं, तांदळाच्या भाकऱ्या. मॅडमनी हात जोडले. "मला फक्त पाणी चालेल. नियम आहे. डबा आणलाय मी."

बायकांची तोंडं उतरली. द्रौपदी पदरानं मान पुसत पुटपुटली, "पानी काय, पानी कोनालापन देतात." शेवंतीची नजर त्या पदराकडे गेली. पांढऱ्या काठावर हिरवट डाग उमटला होता. घामानं पितळ सुटतं तसा. शेवंतीला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. पाटलीणबाई बेन्टेक्स घालून आल्या होत्या! हे उद्या चांगलं मीठ लावून वापरायचं, असं ठरवून तिनं तो डाग लक्षात ठेवला.

मॅडमनी वलांड्या फिरून बघितल्या. बांबू, दोऱ्या, कावळ्यांसाठी लावलेली जाळी. मग माडाच्या सावलीत खुर्ची घेऊन वही उघडली.

"हा माल कुणाचा?"

"जिचा तिचा," रुचिरा म्हणाली.

"विक्री?"

"जिची तिची."

"मग संस्था काय करते?"

"बांबू, दोऱ्या, जाळी, पाणी. स्वच्छतेचं शिकवतो. आता छप्पर करायचंय."

"म्हणजे धंदा तुमचा आणि सोय संस्थेची." मॅडमचा आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. त्यांनी एकदा समोरच्या पोहेहारांकडे बघितलं. "हे चुकीचं नाही. पण याला धर्मादाय म्हणत नाहीत, ताई. सभासदांच्या बाहेर, ज्याला खरंच गरज आहे त्याला काय मिळतं? अर्जात 'मोफत वाटप' या रकान्यात तुम्ही 'निरंक' लिहिलंय. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"निरंक म्हंजे काय गो?" शेवंतीनं विचारलं.

"काही नाही असं, आई."

"काय नाय?" शेवंती उठली. "तू लिवलंस, आमी कोनाला काय देत नाय?"

"आपण फुकट कुठं वाटतो आई?"

"ती दोरी कोनाची हाय? आठ वर्सं पयली जोडी लावतंस तिच्यावर. कोनाला लावतंस?"

"देवीची ना?" रुचिरा म्हणाली.

कुणी हसलं नाही. सगळ्या बायकांसमोर आणि सरकारी बाईसमोर रुचिराचे कान तापले. आठ वर्षांत जे सगळ्यांना ठाऊक होतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ते अर्जावर सही करून तिनं सरकारला कळवलं होतं.

"शेवंते, तोंड आवर," द्रौपदी खुर्चीवरून म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "ती बोलायची गोष्ट नाय."

"नाय बोलली तर छप्पर जातंय, पाटलीन."

"जाव दे."

शेवंतीनं तिच्याकडे बघितलं, मग आकाशाकडे. गेल्या वर्षीसारखेच विरळ ढग दक्षिणेकडून सरकत होते. चिखलात ओतलेल्या पाट्या तिला आठवल्या असाव्यात. ती मॅडमकडे वळली आणि सांगायला लागली. थोडक्यात सांगितलं, तिच्या स्वभावाला न शोभेल इतकं थोडक्यात. ज्याच्या घरात होडी नाही, माणूस नाही, हाताला काम नाही, त्याच्यासाठी ती दोरी. दुपारी माडाची सावली तिसऱ्या वलांडीला लागली की बायका त्या दोरीकडे पाठ करून निवडायला बसतात. ज्याला लागतं तो येतो, लागेल तेवढं नेतो. बघायचं नाही. विचारायचं नाही. पोरांना सांगतात, बघितलं तर डोळे येतात.

"मी नेलंय," ती शेवटी म्हणाली. "चंदरचा बाप गेला तवा. दोन वर्सं. कोनी बगितलं नाय, म्हनून तर उबी ऱ्हायली हितं."

चंदर मागं बांबू धरून उभा होता. त्याला हे आजवर माहीत नव्हतं. त्यानं बांबू खाली ठेवला आणि उगाचच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

मॅडमनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. "आता कोण नेतं? दोन तरी नावं द्या."

"नाव कसं देणार? बगतच नाय आमी."

"नेणारे कोळीच असतात का?"

"पाठीला डोलं हायत का आमच्या?"

"आजी, मी जे पाहीन तेच लिहू शकते."

"मंग बगा. सावली लागायला आयलीच हाय." शेवंती थोडी घुटमळली. "पन बगायचं मात्र नाय."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "मी बघायलाच आलेय हो इथं."

"मोजा आदी. मोजून घ्या आन मंग फिरवा पाठ. कमी झालं तर लिवा."

मॅडमनी घड्याळात बघितलं. परतीच्या लाँचला वेळ होता. त्या उठल्या, पाठदोरीवरच्या जोड्या एक एक बोट लावून मोजल्या आणि वहीत आकडा टाकला. एकशे बारा. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, खाडीकडे तोंड करून ठेवली आणि बसल्या.

*

बायका बसल्या. समोर पाट्या ओढल्या, जवळा निवडायला घेतला. सोन्याच्या हातांनी जवळ्यातला कचरा काढताना पाटल्या अडत होत्या. द्रौपदीला खाली बसता येत नाही म्हणून तिची खुर्ची सगळ्यांच्या मागं, दोरीच्या बाजूला, नेहमीसारखी. तिनंही ती फिरवून घेतली.

एरवी या वेळी खळ्यावर कलकलाट असतो. आज कुणी बोलेना. सरकारी बाईसमोर काय बोलायचं, हे कुणाला सुचत नव्हतं. खाडीचं पाणी ओसरताना चिखलात बुडबुडे फुटत होते, ते ऐकू येत होतं.

दहा मिनिटं गेली. पंधरा. तिवरांतून पाऊल वाजलं नाही. रुचिराच्या मानेवरून घाम ओघळत होता. अनोळखी बाई खळ्यावर बसलेली बघून आज कोण येणार? येणारी असेल ती वाटेतूनच परत गेली असेल. शेवंतीच्याही ते लक्षात आलं. तिचे हात निवडायचे थांबले. दोरीवर एकशे बाराच्या एकशे बारा राहणार, बाई ते लिहून नेणार, आणि आपण बोलू नये ते बोलून बसलो ते वर. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मॅडमनी वही पिशवीत टाकल्याचा आवाज आला. त्या खाकरल्या. आता उठणार.

तेव्हा मागं आवाज झाला.

कट.

एकाही बाईनं मान हलवली नाही.

कट. मग बराच वेळ काही नाही, जणू ज्या गुडघ्यानं तो आवाज केला त्यालाच भीती वाटली असावी. मग पुन्हा, पाऊल जपून टाकल्यासारखं, बारीक. कट.

सुक्या बोंबलांची जोडी दोरीवरून निघताना खर्रकन् वाजते. ती वाजली. दुसरी वाजली. आठ वेळा वाजली. मग तो गुडघा परत फिरला, खुर्ची करकरली, आणि खळं पुन्हा शांत झालं.

शेवंती समोरच्या पाटीकडे बघत होती. पाटीतला जवळा तिला दिसत नव्हता. गणपतीपासून वर ओढून ठेवलेली निमेशची होडी. येतो येतो म्हणणारा कारागीर. पाटीशिवाय रोज खळ्यावर येणारी, सगळ्यांच्या मागं खुर्ची टाकून बसणारी पाटलीण. पदरावरचा हिरवा डाग. खरं सोनं कुठं गेलं हे आता कुणी सांगायला नको होतं. आणि रोजच्या कलकलाटात जे कुणाला ऐकू गेलं नव्हतं, ते आज द्रौपदीनं सगळ्या जणींना ऐकवलं होतं. गुडघा वाजणार हे तिला माहीत नव्हतं का? छप्पर जाव दे म्हणालेली बाई छपरासाठी उठली होती. शेवंतीला रडू आलं, आणि नाक ओढायची सोय नव्हती म्हणून तिनं ते तसंच गालावर येऊ दिलं.

"झालं का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"झालं," शेवंती म्हणाली.

मॅडम दोरीपाशी गेल्या आणि त्यांनी पुन्हा एक एक बोट लावून जोड्या मोजल्या. एकशे चार. त्यांनी तिवरांकडे बघितलं, चिखलात ताजं पाऊल होतं का तेही बघितलं. मग त्यांची नजर फिरत फिरत बायकांवर आली. खुर्चीवर द्रौपदी ताठ बसली होती, पदर छातीशी घट्ट गुंडाळून, सगळ्या खोट्या सोन्यानिशी, खाडीकडे नजर लावून. मॅडमची नजर तिच्यावर क्षणभर थांबली की नाही, हे रुचिराला नक्की सांगता आलं नसतं. त्यांनी वही काढून दोन ओळी लिहिल्या.

जाताना धक्क्यावर त्या रुचिराला म्हणाल्या, "'निरंक' खोडून खरं लिहून द्या. दोरीबद्दल एक पान जोडा, सगळ्यांच्या सह्या घ्या. जाती-धर्माची अट नाही हेही स्पष्ट लिहा. पुढचं वरचे साहेब बघतील."

"नावं?"

मॅडम लाँचमध्ये चढत होत्या. "मी पाठ करून बसले होते ना," त्या म्हणाल्या.

*

घरी आल्यावर शेवंतीनं पातळ बदललं आणि चुलीपुढं बसली. रुचिरा शेजारी येऊन बसली.

"आई, द्रौपदीमावशी..."

"काय?" शेवंतीनं चुलीकडं तोंड फिरवलं.

रुचिरानं सासूकडे बघितलं. आठ वर्षांपूर्वीही तिनं प्रश्न विचारला होता आणि शेवंतीनं असंच तोंड फिरवलं होतं. या वेळी तिला ते उत्तर कळलं.

"काही नाही. पापलेट उरलंय बरंच."

"उरलंय तर सगल्यांकडं थोरं थोरं पोचव. सगल्यांकडं, समजलं? एकीकडंच नको."

दुसऱ्या दिवशी रुचिरानं एक पान लिहिलं. एकतीस सह्या झाल्या. द्रौपदीनं अध्यक्षाची सही सगळ्यांत मोठी केली. सतरा दिवसांनी, वर्ष संपायला चार दिवस असताना, पूर्वीताईंचा फोन आला. रुचिरा तेव्हा खळ्यावरच होती. प्रमाणपत्र मिळालं, असं तिनं ओरडून सांगितलं आणि पाट्या टाकून बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तशाच चंदेरी हातांनी.

"छपराच्या पूजेला सगल्यांनी सोनं घालायचं," द्रौपदी खुर्चीवरून म्हणाली. "मी आत्ताच सांगून ठेवतंय."

बायका शेवंतीकडे बघायला लागल्या. हिरव्या डागाचा विनोद सतरा दिवस तिच्या ओठांवर तयार होता. असा विनोद तिनं आयुष्यात कधी वाया घालवला नव्हता.

"घाल गो पाटलीन," शेवंती म्हणाली. "तुना शोभतंय."

द्रौपदीनं तिच्याकडे एकदाच बघितलं आणि मान वळवली.

शेवंतीनं आपली पाटी उचलली, पाठदोरीपाशी गेली आणि एकीच्या जागी दोन जोड्या टाकल्या. मागून रुचिरानंही दोन टाकल्या.

दुपारी माडाची सावली तिसऱ्या वलांडीला लागली. बायका पाठ करून बसल्या. मागं खुर्ची करकरली, आणि पहिलं पाऊल पडायच्या आत शेवंती सुनेवर कडाडली.

"जवल्यात रेती किती ठेवलीस गो? डोलं फुटलं का तुजं?"

"मी काल दोनदा चाळलाय!" रुचिरा तिच्याहून मोठ्यानं ओरडली.

"दोनदा? मना शिकवतंस?"

"तुम्हीच बघा ना मग नीट!"

सगळ्या बायका त्या भांडणात पडल्या, कुणी सासूच्या बाजूनं, कुणी सुनेच्या, एवढा गलका झाला की काठावर जाळं विणणारा चंदर धावत आला. काय झालं, काय झालं म्हणून तो विचारत राहिला. त्याला कुणी सांगितलं नाही. त्या गलक्यात दुसरं काहीही ऐकू येत नव्हतं.